दोन जणांचा भार

मी एक जुने झाकण आहे. हसू नका, मित्रांनो. बरणीचे किंवा पातेल्याचे झाकण असते तर मीही माझ्या आयुष्याबद्दल फार बोलले नसते. पण मी तापी नदीवर चालणाऱ्या एका लाकडी नावेचे झाकण होते, आणि माझ्यावर माणसे उभी राहत.

नावेच्या पुढच्या भागात फळ्यांच्या मधोमध एक चौकोनी तोंड होते. त्याखाली नावेचे पोट. दोर, लोखंडी नांगर, पाण्यावर तरंगणारी जॅकेटे असे सगळे सामान त्या पोटात राही. ते तोंड बंद करायचे काम माझे. साडेतीन फूट लांब, अडीच फूट रुंद, वरून हिरवा रंग, आणि उघडायला दोराची एक मूठ, असे माझे रूप होते.

मला जीवराम मिस्तरींनी घडवले. नाव हिलाल आबांची होती. दोघे लहानपणापासूनचे सोबती. मिस्तरींनी चांगले जाड प्लाय आणले, चारी बाजूंनी सागाच्या पट्ट्या मारल्या, मला तीन वेळा तेल पाजले. मग त्यांनी मला त्या तोंडावर ठेवले आणि मधोमध हाताने दाबले. मी किंचित खाली गेले.  त्यांनी सागाचा एक दांडा तासला, मनगटाएवढा जाड, अडीच फूट लांब. तोंडाच्या दोन्ही कडांना खाचा पाडून तो त्यांनी माझ्या बरोबर मध्यावर, खालून आडवा बसवला आणि दोन्ही टोकांना दोन-दोन असे चार स्क्रू आवळले. मग पुन्हा दाबून पाहिले. मी हललेसुद्धा नाही.

मित्रांनो, यात जादू नाही. एक फूटपट्टी घ्या. दोन पुस्तके दूर ठेवून त्यांवर ती आडवी ठेवा आणि मध्ये बोटाने दाबा. वाकेल. आता मध्यावर, खालून तेवढ्याच उंचीचे तिसरे पुस्तक सरकवा. पट्टी तीच, बोटही तेच, पण आता ती जवळजवळ वाकणार नाही. माझी सगळी ताकद माझ्या अंगात नव्हती. निम्म्याहून जास्त ताकद त्या दांड्यात होती, आणि तो कोणाला दिसत नव्हता.

"मिस्तरी, उभा राहू का यावर? का माले नदीमा पाडशी?" हिलाल आबांनी विचारले.

"तू एकलाच कसाले? मी बी येस. पडनूत तं दोन्ही पडसूत."

काठावर आबांची बायको, पुष्पाबाई, धुणे धूत होत्या. त्या ओरडल्या, "पडा, पडा! महिनाभर आंग धोयेल नही तुम्हनं!"

दोघे माझ्यावर उभे राहिले. मग मिस्तरींनी आबांना खाली उतरवले आणि एकट्याने उडी मारली. उभ्या माणसाचा भार वेगळा आणि उडी मारणाऱ्याचा वेगळा, हे त्यांना कोणी शाळेत शिकवले नव्हते, पण ठाऊक होते. मी दोन्ही सोसले. तेव्हा त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, मला उचलले आणि खालच्या दांड्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिले, 'दोन जणांचा भार. काढू नये.'

"वर लिख ना," आबा म्हणाले. "खाले कोन वाचस?"

"वर लिखं तं पायखाले पुसी जाई. अन् जो दांडा काढी, त्याले दिसीच."

मिस्तरींचे म्हणणे मला पटले होते. दांडा काढणाऱ्याला ते दिसेलच. दिसल्यावर तो थांबेल, असे आम्ही दोघेही धरून चाललो होतो.

अकरा वर्षे मी काम केले. रोज सकाळी आबा माझ्यावर उभे राहून लांब बांबूने नाव रेटत. पलीकडच्या केळीच्या बागांत जाणाऱ्या बाया माझ्यावर टोपल्या ठेवत. पण माझा खरा मान वर्षातून एकदा असे. श्रावणात घरोघर कानबाई देवी बसते. रविवारी तिची स्थापना होते आणि सोमवारी तिला नदीवर नेतात. आमच्या गावाची रीत अशी की पाटावर सजवलेली कानबाई डोक्यावर घेऊन गावातली एक बाई नावेवर चढते, सर्वांत उंच जागी उभी राहते आणि तिथून देवीला पाण्याचा स्पर्श देते. ती उंच जागा म्हणजे मी. आणि ती बाई दर वर्षी पुष्पाबाई. त्या चढताना कधी खाली पाहत नसत. डोक्यावर देवी असताना पाहता येतच नाही. पाय टाकायचा आणि मी असायचेच.

मग एका दिवाळीनंतर आबांच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी उन्हात, पाण्याच्या चमकेत जायला मनाई केली. नाव त्यांच्या मुलाच्या, भूषणच्या हाती आली. भूषण वाईट नव्हता, मित्रांनो. हसतमुख होता, बोलका होता. हिवाळ्यात जळगावची मंडळी नावेतून पलीकडच्या काठावर भरिताच्या पार्टीला नेण्याची कल्पना त्याचीच. असोद्याची हिरवी-पांढरी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, सोलायची, बडगीत, म्हणजे खोलगट लाकडी भांड्यात, दांडक्याने ठेचायची, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर केळीच्या पानावर वाढायची.

एका रविवारी मेहरूणहून पंधरा जणांचा गट आला होता. वांगी भाजून झाली, सोलून झाली, आणि भूषणच्या लक्षात आले की ठेचायचे दांडके घरीच राहिले.

"भूषणभाऊ, आता चमच्याने घोटायचं का?" पाहुण्यांपैकी एक जण म्हणाला. "चमच्याने घोटलेलं भरीत म्हणजे वांग्याची खिचडी!"

सगळे हसले. भूषणही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. तो नावेवर आला, सामानात काही सापडते का ते पाहायला त्याने मला उचलले, आणि त्याची नजर दांड्यावर गेली. सागाचा, गुळगुळीत, मनगटाएवढा. ठेचायला याहून चांगले काय? त्याने पेचकस काढला.

अक्षरे त्याने वाचली. मी पाहिले. ओठ हलवून वाचली. मग पुटपुटला, "संध्याकाळी बसवतो," आणि चारही स्क्रू काढले.

त्या दिवशीचे भरीत इतके छान झाले की पाहुण्यांनी दांड्याचासुद्धा फोटो काढला. संध्याकाळी अंधार लवकर पडला. दुसऱ्या दिवशी दुसरा गट होता. दांडा धुऊन घरी गेला, आणि भूषणने बायकोला, सारिकाला सांगितले की जामनेरच्या बाजारातून नवे दांडके आणले. आठवड्याने त्याने हाताला नीट धरता यावे म्हणून त्याचे एक टोक चार बोटे कापून गोल केले. आता तो परत बसवायचा म्हटला तरी खाचेपर्यंत पोहोचणार नव्हता. नवा दांडा मिस्तरींकडे मागावा लागला असता, आणि मिस्तरींनी पहिला प्रश्न विचारला असता की जुना कुठे गेला.

पुढच्या रविवारी भूषणने नेहमीसारखा माझ्यावर पाय ठेवला. मी वाकले. कर्र असा आवाज झाला. तो झटकन मागे सरला आणि इकडेतिकडे पाहू लागला, कोणी ऐकले तर नाही ना. मग त्याने दोराचे वेटोळे आणि जॅकेटे पोटातून काढून माझ्यावर रचली, म्हणजे कोणी उभे राहणार नाही. आणि त्या दिवसापासून तो स्वतः माझ्या कडेकडेने, भक्कम फळ्यांवर पाय ठेवून चालू लागला. इतक्या काळजीने, की पाहणाऱ्याला वाटावे याला माझा फार आदर आहे.

मित्रांनो, मला सर्वांत जास्त काय लागले असेल तर ते चालणे. त्याला माहीत होते. स्वतःचा पाय तो रोज वाचवत होता.

तरी कधी एखादी बाई टोपली घेऊन सामानावरच बसे, कधी एखादा पाहुणा फोटोसाठी चढे. मी दर वेळी थोडे वाकत असे आणि परत सरळ होत असे. पण लाकूड विसरत नाही. प्रत्येक वाकण्यात प्लायचे थर एकमेकांपासून केसभर सुटत गेले. त्या फटींत पाणी शिरले. उन्हाळ्यात फटी वाढल्या आणि पावसाळ्यात आतून काळ्या झाल्या. वरचा हिरवा रंग मात्र जसाच्या तसा होता.

श्रावण आला. कानबाईच्या सोमवारी धार संथ होती. नाव घाटालाच बांधलेली होती. आबा काळा चष्मा लावून आले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्यावरचे दोर आणि जॅकेटे बाजूला केली, मला पुसले, वर लुगड्याची घडी अंथरली. भूषण बांबू धरून उभा होता. त्याचा चेहरा मला खालून दिसत होता.

ढोल वाजत होता. पुष्पाबाई कानबाई डोक्यावर घेऊन नावेवर चढल्या.

"माय," भूषण म्हणाला.

"काय रे?"

चार शब्द पुरले असते, मित्रांनो. तिथे उभी राहू नको. एवढेच. ढोलाचा आवाज मोठा होता हे खरे, पण पुष्पाबाई थांबल्या होत्या, त्याच्याकडे पाहत होत्या. आजूबाजूला अख्खा गाव होता, वडील होते. 

"काही नही, माय. सांभाळीसन."

त्यांनी पाय टाकला. आधी टाच आली. सगळा भार टाचेएवढ्या जागेवर आला. मी अंगातला उरलासुरला जोर लावला, खोटे सांगत नाही. पण जोर लावायला खाली काही नव्हतेच. मी मधोमध फाटले.

मागून चढणाऱ्या सारिकाने कानबाईचा पाट वरच्या वर झेलला. पुष्पाबाई मांडीपर्यंत आत गेल्या. खाली लोखंडी नांगर होता. नडगीचे हाड मोडल्याचा आवाज माझ्या मोडण्याच्या आवाजाहून लहान होता, पण मला तोच ऐकू आला.

त्यांना जळगावला दवाखान्यात नेले. घाटावर लोक माझ्याभोवती जमले. माझ्या फाटलेल्या कडा काळ्या, ओल्या होत्या.

"कुजेल शे हे," कोणीतरी म्हणाले. "जीवराम मिस्तरीनं कुजकं लाकूड घालं."

आबांनी चष्मा काढला आणि माझ्या कडेवरून बोट फिरवले. बोट काळे झाले. "चाळीस वरीसनी दोस्ती," ते म्हणाले. एवढेच.

मी कुजले म्हणून वाकले नव्हते. वाकत राहिले म्हणून कुजले होते. आधी काय आणि मागून काय, हे उलटे लावले की निर्दोष माणूस दोषी होतो. पण मला तोंड नव्हते, आणि ज्याला तोंड होते तो घाटावर नारळाची शकले गोळा करत होता. त्याच संध्याकाळी भूषणने नावेच्या त्या चौकोनावर पत्रा ठोकून टाकला. रिकाम्या खाचा कोणाच्या लक्षात येण्याआधीच झाकल्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी जीवराम मिस्तरी हत्यारांची पिशवी घेऊन आबांच्या दारात आले. मला अंगणात भिंतीला टेकवून ठेवले होते.

"हिलाल, माले एक डाव देखू दे."

"आते काय देखस? मनी बायकोना पाय देख," आबा म्हणाले आणि दार लावून घेतले.

भूषण ओट्यावर होता. मिस्तरींनी त्याच्याकडे पाहिले. तो चपलेचा अंगठा नीट करत राहिला.

त्यानंतर गावात मिस्तरींना कामे मिळेनात. एका घरात बाळ होणार होते, त्यांनी पाळणा सांगितला होता. त्यांचा निरोप आला, "पाळणा राहू द्या, नाना. तयार विकत आणू." पाळण्याच्या दोन बाजू घडून झाल्या होत्या. वाईट याचे वाटते की पुढे पुढे मिस्तरींना स्वतःलाच शंका येऊ लागली. रस्त्याने जाताना ते आमच्या कुंपणापाशी थांबत, दुरून माझ्याकडे पाहत आणि आपल्या हातांकडे पाहत.

आणि तो दांडा? तो चार महिने स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर पडून होता. चातुर्मासात घरात वांगे येत नाही, मग भरीत कसले आणि ठेचणे कसले.

चंपाषष्ठी उजाडली. त्या दिवशी खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवतात आणि मग घरात पुन्हा वांगे सुरू होते. तळी उचलायला पाच जण लागतात. आबा, भूषण आणि शेजारचे दोघे असे चार झाले.

"पाचवा कोन?" आबांनी विचारले.

"जीवरामनाना," पुष्पाबाई म्हणाल्या. त्या काठी टेकत चालू लागल्या होत्या, पण पाय वाकडाच राहिला होता.

"तो नही."

"पाय मना मोडना. राग मी धरसू का तुम्ही? सारिका, जाय, बलाव त्यासले."

मिस्तरी आले, आणि अवघडून अंगणातच बसले. माझ्याशेजारी. माझ्याजवळ कुऱ्हाड ठेवली होती, कारण वांगी भाजायला मला फोडून जाळायचे असे सकाळीच ठरले होते. मिस्तरींनी ते ओळखले.

"रंग लावेल लाकूडवर वांगं भाजशात?" ते म्हणाले. "खंडोबाले काय रॉकेलनं भरीत खावाडशात?"

शेजारचे दोघे हसले. आबांनाही हसू आले होते, ते त्यांनी खोकून झाकले. शेवटी वांगी कपाशीच्या काड्यांवरच भाजली गेली. सारिका आत ठेचायला बसली.

आणि मिस्तरींनी, कोणी अडवत नाही असे पाहून, मला उलटे केले.

माझ्या पाठीवर मधोमध एक आडवा पट्टा होता, चार बोटे रुंद. बाकी सगळी पाठ काळवंडली होती, तेवढा पट्टा मात्र उजळ होता. दांडा तिथे अकरा वर्षे टेकून होता, त्यामुळे तिथे ओल पोहोचली नव्हती. मिस्तरींनी त्यावर हात ठेवला.

"आठे आधार व्हता," ते हळू म्हणाले. "हिलाल, तो दांडा कोठे शे?"

 आतून ठेचण्याचा आवाज येत होता. ठप, ठप, ठप. मिस्तरी मान वळवून ऐकत राहिले. आयुष्यभर लाकडावर ठोकणाऱ्या माणसाला लाकडाचा आवाज कळतो.

"सूनबाई, ते दांडकं जरा दाखव बरं."

"हे का, नाना?" सारिका हात पुसत बाहेर आली. "ह्यांनी जामनेरच्या बाजारातून आणलंय. फार चांगलं आहे."

मिस्तरींनी ते उपरण्याने पुसले. एक टोक कापलेले होते. दुसऱ्या टोकाला स्क्रूची दोन भोके होती, वांग्याचा गर भरलेली. आणि दांड्याच्या अंगावर, धुऊन धुऊन फिकट झालेली, पण त्यांच्याच हाताची अक्षरे होती. 'दोन जणांचा भार.' पुढचे दोन शब्द कापलेल्या तुकड्याबरोबर गेले होते.

त्यांनी ते कोणालाही वाचून दाखवले नाही. उठले आणि दांडा ओट्यावर बसलेल्या पुष्पाबाईंच्या मांडीवर ठेवला.

आबांनी तो घेतला, डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ लागला त्यांना. मग ते भूषणकडे वळले.

"मी परत बसवणार होतो," भूषण म्हणाला. "आबा, खरंच. संध्याकाळीच बसवणार होतो."

पुष्पाबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

"तू कडेकडेतीन चालेस," त्या म्हणाल्या. "मी काठवरतीन देखेल शे, कितला डाव. माले वाटे, मना पोऱ्या देवीनी जागा राखस. पाय लागू देत नही. मी बायासले सांगे बी."

भूषण खाली बसला आणि रडू लागला. कोणी त्याला उठवले नाही.

शेवटी शेजाऱ्याने घसा साफ केला. "नैवेद्य थंडा व्हई ऱ्हायना. तळी उचला. व्हयनात ना पाच?"

"नही," पुष्पाबाई म्हणाल्या. "आते बी चारच शेत."

त्या काठी टेकत पुढे आल्या आणि तळीला पाचवा हात त्यांनी स्वतः लावला.

मित्रांनो, दुसऱ्या दिवशी सकाळी आबा पाळणा सांगणाऱ्या त्या घरी गेले आणि भूषणला बरोबर नेले. जे सांगायचे ते त्यालाच सांगायला लावले. मग घाटावर, मग देवळापाशी. पाळणा पूर्ण झाला. त्यात आता एक मुलगी झोपते. नावेला नवे झाकण बसले आहे, खाली नवा दांडा आहे, आणि अक्षरे या वेळी झाकणाच्या वरच्या बाजूला लाल रंगात लिहिली आहेत. पुसली की भूषण ती पुन्हा रंगवतो.

मला जाळले नाही. माझी एक बाजू अजून चांगली होती. मिस्तरींनी तेवढी कापून घेतली, खाली चार पाय आणि एक आडवी पट्टी लावली, आणि पुष्पाबाईंना वाकडा पाय टेकवायला मला पाट बनवले. भार आता एका पायाचाच आहे. मी तो सहज सोसते.

पण पुष्पाबाई बसल्या की लगेच पाय ठेवत नाहीत. आधी वाकतात, माझ्याखाली हात घालतात आणि ती पट्टी जागेवर आहे ना, हे चाचपून पाहतात. रोज. अकरा वर्षे त्यांनी असे कधी पाहिले नव्हते.

मला वाईट वाटते. तरी तुम्हीही तसेच करा. पाय टाकण्याआधी खाली काय आहे ते पाहा. आणि कधी एखाद्या वस्तूखालचा आधार तुम्हीच काढलेला असेल, तर तो परत बसवायला उशीर झाला तरी चालेल. सांगायला उशीर करू नका. कोणीतरी डोक्यावर देवी घेऊन, खाली न पाहता, चालत येत असते.